बिबड्यावरचा पंजा

भूतखेत, भास, संकेत... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. शवागाराच्या पायरीवर बसून डबा खाल्लेली बाई आहे मी. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

धुळ्यात देवपूरला आमचं दुमजली घर. यंदाचा मार्च, सकाळचे अकरा वाजलेले. गच्चीवर मी एकटीच बिबडे घालत होते – ज्वारीचा घाटा शिजवून, ओल्या हाताने कापडावर थापून वाळवतात ते. मांजरं येतात म्हणून जिन्याच्या दाराला गच्चीच्या बाजूने कडी घातलेली.

हात कामात, डोक्यात मनू. माझी एकुलती एक मुलगी, एकोणतीस वर्षांची, लग्न होऊन पुण्यात असते. लहानपणी बिबडे घालायला बसले की ही हमखास वर यायची आणि ओल्या बिबड्यावर पंजा उमटवायची. तिला फक्त माझ्याजवळ बसायचं असायचं हो! पण मला ड्युटीची घाई. दर वेळी हाकललं तिला. रडत रडत खाली पळायची. त्या दिवशी वाटत होतं, सगळे नासवले असते तरी काय बिघडलं असतं?

तेवढ्यात पाठीमागे ‘चप्’ असा आवाज झाला. मी वळलेसुद्धा नाही. सवयीने तोंडातून गेलं, “हात नको लावू व पोरी! जाय खाले!”

जिन्यावरून दुडदुड पावलं उतरत गेली... आणि मग लक्षात आलं, घरात लहान मूल नाहीच.

उठून पाहिलं. दाराची कडी जशीच्या तशी! आणि कडेच्या बिबड्यावर इवलासा पंजा – करंगळी बाहेर वाकलेली. मनू तीन वर्षांची असताना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरून पडली होती. पट्टी मीच बांधली, हाड वाकडं जुळलं. ती करंगळी मी लाखात ओळखेन.

तीन वाजता जावयांचा फोन आला. “मम्मी, घाबरू नका. मनूचं सकाळी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तुम्ही नर्स, दहा प्रश्न विचाराल म्हणून तिनेच सांगू दिलं नाही. मध्येच बीपी एकदम खाली गेलं होतं... डॉक्टरही घाबरले. आता शुद्धीवर आहे.”

“किती वाजता?”

“अकराच्या सुमारास.”

आखाजीला मनू माहेरी आली. मी तिला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. चहा पिता पिता हसत म्हणाली, “आई, भुलीत मी आपल्या गच्चीवर होते गं. इतकं छान वाटत होतं! तुझ्याजवळ बसणार, तर तू खेकसलीस – जाय खाले! मग आले खाली पळत. डोळे उघडले तर समोर नर्स.”



तो बिबडा मी स्टीलच्या डब्यात जपून ठेवलाय. एकच विचार छळतो. आयुष्यभर ज्या खेकसण्याची खंत केली, ते त्या दिवशी तोंडातून आपसूक निघालं. मी जर मनातलं बोलले असते... “ये गं, बैस माझ्याजवळ,” असं म्हटलं असतं, तर?