ओटीवरची शहाळी

मूत्रपिंडं निकामी झालेल्या माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या पोटात नळी घातली होती. बाटलीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, थोड्या वेळाने विष घेऊन ते बाहेर येऊ द्यायचं. रत्नागिरीच्या इस्पितळात हे दोन दिवस चाललं. रक्त गाळणारं यंत्र मुंबईला होतं आणि अण्णा मुंबईला जायला तयार नव्हते.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "दिवसाला दोन पेले पाणी. आंबा, केळं बंद. आणि शहाळं थेंबभरसुद्धा नको, हृदय बंद पडेल. आठ दिवसांनी परत आणा."

पावसला घरी आलो तर ओटीवर शहाळ्यांची रास. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. आईला मी पाण्याचं सांगितलं, आंब्या-केळ्याचं सांगितलं. शहाळ्याचं सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. लहानपणी प्रत्येक तापात मला शहाळ्यानेच उठवलं होतं. ते माणूस मारतं, हे शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या मलाही पटलं नव्हतं.

तिसऱ्या दुपारी अण्णांची जीभ टाळूला चिकटली.

"मास्तर," मला चिडवायला ते असंच म्हणत, "माझ्याच माडाचं पाणी प्यायला तुमचा शेरा लागतो का?"

"दे रे," आई म्हणाली. "शहाळं म्हणजे काय पाणी? औषध ते."

मी कोयता घेतला. अण्णा डोळे मिटून प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "आता जीव आला." दुसऱ्या दिवशी दोन फोडली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पाय उचलता येईनात. मी रिक्षा घेऊन आलो, तोवर सगळं संपलं होतं.

डॉक्टरांनी नंतर विचारलं, "पाणी जास्त झालं का?" मी म्हणालो, "नाही, दोनच पेले." ते खोटं नव्हतं.

आई पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "जाताना तहानलेले नाही गेले. शहाळं पोटभर प्यायले." सांगताना तिचा चेहरा निवायचा. त्या चेहऱ्याकडे बघून डॉक्टरांचं ते वाक्य मी तिला कधी ऐकवलं नाही. अण्णांच्या श्राद्धाला ती पानाशेजारी एक शहाळं ठेवायची, आणि कोयता माझ्या हातात द्यायची.

आता आईही नाही. शहाळं अजून मीच फोडतो.