पांढरकवडा, पडद्याच्या मागच्या बाजूने

माझा चाळीस मिनिटांचा सिनेमा नागपुरात कुणीच शेवटपर्यंत पाहिला नाही. मैत्रिणी मध्येच चहा मागत. पांढरकवड्याच्या मावशीला हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "इकडे घेऊन ये. कापूस खरेदी केंद्र बंद आहे, कापसाच्या बैलगाड्या रस्त्यावर रांगेत उभ्या आहेत. नंबर जाईल म्हणून कुणी जागचं हलत नाही."

इतका खात्रीचा प्रेक्षक पुन्हा मिळाला नसता. सकाळची एसटी पकडली.

वाटेत जांबला एसटी थांबली की तर्रीपोहे जरूर खा. मांडीवर प्रोजेक्टर असेल तर तर्री बेताने घ्या. कंडक्टरने खोक्याकडे बोट दाखवलं. "बाई, यात काय हाय?"

"सिनेमा."

"मंग याचं तिकीट फुल का हाफ?"

"अजून कुणी पूर्ण पाहिलेला नाही," मी म्हणाले. त्याने हाफ फाडलं.

मी यवतमाळच्या कॉन्व्हेंटात शिकले, तिथे सिनेमाचं नावही काढायची सोय नव्हती. सिनेमा भेटे तो सुट्टीत, मावशीकडे, बाजाराच्या मैदानातल्या तंबूत. पुरुष पडद्यासमोर बसत आणि बायका पडद्यामागे, अशीच रीत होती. आम्हाला सगळं उलटं दिसे. प्रत्येक नायक डाव्या हाताने तलवार चालवी, डाव्यानेच जेवे. मोठी माणसं डावखुरीच असतात, अशी माझी समजूत झाली होती. ती इतकी मुरली की साठीला पोचून पहिला सिनेमा केला, तर त्यातला शिंपीही डावखुराच झाला. बिचाऱ्या नटाने डाव्या हाताने कात्री चालवायचा सराव करकरून बोटं सोलून घेतली.

संध्याकाळी मी आणि मावशी रांगेच्या तोंडाशी गेलो. पहिला नंबर किसनभाऊंचा. त्यांच्या आणि मागच्या गाडीला मावशीची चादर बांधली. वीज चहाच्या टपरीवरून घेतली. टपरीवाला म्हणाला, पैसे नकोत, सिनेमात माझं नाव टाका. कुणी न सांगता पुरुष चादरीच्या अलीकडे बसले, बायका पलीकडे. मावशीही खुर्ची उचलून पलीकडे गेली.

शिंपी जेवायला बसला आणि समोरून आवाज आला, "हा डाव्या हातानं काहून जेवून राह्यला बे?"

मागून एक बाई ओरडली, "डोये फुटले का तुमचे? उजव्यानंच तर जेवते!"

"डाव्या!"

"उजव्या!"

दोघं-तिघं खात्री करायला पलीकडे गेले आणि तिकडेच बसले. मग आणखी काही. मी रिकाम्या होत चाललेल्या बाजूला उभी. माझा सिनेमा पडतोय की चालतोय, कळेना.

तेवढ्यात केंद्राचं फाटक उघडलं. साहेब बॅटरी घेऊन बाहेर आले. "काटा सुरू झाला! पहिली गाडी घ्या!"

शेवटचा प्रसंग उरला होता: शिंपी मुलीच्या लग्नाचा ब्लाउज बेततो, तोच. चादर निघाली की संपलं. मी किसनभाऊंकडे पाहिलं.

"जुपणं सापडून नाही राह्यलं, साहेब," ते म्हणाले. "त्याच्याबिगर बैल कसे जुंपू?"

जुपणं, म्हणजे बैल जुवाला बांधायचा दोर, त्यांच्या खांद्यावरच होतं. मागचा गाडीवान गाडीखाली वाकून म्हणाला, "माह्यंबी नाही दिसून राह्यलं." रांगभर शोधाशोध सुरू झाली, सगळ्यांच्या नजरा चादरीवर. साहेब वैतागून समोर आले, दोन मिनिटं पाहिलं. "हा डावखुरा आहे का?"

"मांगून पाहा, साहेब!" अख्खी रांग ओरडली. साहेब मागे गेले.

ब्लाउज शिवून झाला. 'समाप्त' आलं. किसनभाऊंना जुपणं तत्काळ सापडलं.

बायका मात्र बसूनच राहिल्या. चादर सोडायला गेले तर मावशी म्हणाली, "थांब गं, चालू आहे ना अजून." पलीकडून ती अक्षरं उलटी होती. तेव्हा आठवलं, तंबूतही आम्ही अशाच बसून राहायचो, कनात उतरवायला माणसं येईपर्यंत. सिनेमा संपला हे आम्हाला कधी वाचताच आलं नव्हतं.

परतीला सिनेमाचं फुल तिकीट मागितलं. नागपुरात आल्यावर टपरीवाल्याचं नाव सिनेमात घातलं आणि 'समाप्त' काढून टाकलं.