गरम कुंडातलं रेडियम

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी शहाद्याला शाळेत विज्ञान शिकवायचो. सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचं कुंड आहे. त्या पाण्यात रेडियमचा अंश आहे का, ते तपासायला माझ्या जुन्या प्राध्यापकांनी मला एक यंत्र दिलं होतं. यंत्र म्हणजे काय — काचेची खिडकी असलेली पितळी डबी, आत गंधकाच्या मण्याला अडकवलेलं सोन्याचं पातळ पान. लोकरीवर घासलेली कांडी टेकवली की विजेच्या भाराने पान ताठ उभं राहतं. पाण्यातून रेडियमचा वायू निघत असेल, तर डबीतल्या हवेतून तो भार गळतो आणि पान भराभर खाली येतं. घड्याळ लावून तो वेळ मोजायचा. पण आधी रिकाम्या डबीचा वेळ घ्यायचा — हे त्यांनी दोनदा बजावलं होतं.

पहिल्या सकाळी मी तो घेतलाच नाही. घाई होती? की भोवती जमलेली माणसं बघून मला चढलं होतं? कुंडाचं पाणी आत ठेवलं, पान बघता बघता पडलं. मी मोठ्याने म्हणालो, रेडियम आहे.

दुपारी पाणी काढून पाहिलं. रिकाम्या डबीतही पान तितक्याच वेगाने पडलं. वाफेने गंधकाचा मणी ओलावला होता; भार तिथूनच गळत होता.

तोवर बातमी म्हसावदला पोचली होती. दुसऱ्या दिवशी तिथले दगाजी पाटील आले. बैलगाडीत त्यांची बायको सोनाबाई — मानेवर लिंबाएवढी गाठ. डॉक्टरांनी मुंबईला नेऊन रेडियमचा उपचार करायला सांगितलं होतं. गाठोडं बांधून दोघं नंदुरबारला आगगाडी धरायला निघाली होती.

"गुरुजी, मुंबईले जाऊ का आठेच कुंडवर ऱ्हाऊ? तुम्ही सांगशात तसं करसू."

चार लोक ऐकत उभे होते. कालचा शब्द आज कसा गिळायचा? — मनात आलं ते एवढंच.

"मुंबईले जे शे, तेच या पानीमा शे," मी म्हणालो.

त्यांनी बैल सोडले.

तीन महिने ती ते पाणी प्यायली, त्यात न्हायली. गाठ वाढली, मग फुटली. मी दर रविवारी जायचो. बोलता आलं असतं — दर रविवारी. एकदा तिने विचारलं, "गुरुजी, आखो किती दिन?" मी म्हणालो, "थोडाच."

आणि हे सांगायला जीभ रेटत नाही — प्राध्यापकांना मी पहिल्याच आठवड्यात खरं कळवलं होतं. वाफ, ओला मणी, सगळं. त्यांना फसवायची मला लाज वाटली.

मुंबईत ती वाचली असती का? कोण जाणे. त्या प्रश्नाआड मला लपायचं नाही.

तेराव्याला दगाजींनी मला पहिल्या पंगतीत बसवलं. स्वतः वाढलं. सगळ्यांदेखत म्हणाले, "गुरुजीसनी आमनासाठे भू करं." खूप केलं म्हणे मी त्यांच्यासाठी.

मी खाली मान घालून जेवलो.