क्लॅरीच्या गाडीत कोणी बसेना

पोर्ट हॅलनच्या सायकल क्लबात शर्यतीच्या दिवशी प्रत्येकाला काही ना काही काम असायचं. कोणी वळणावर झेंडा घेऊन उभं, कोणी मेंढ्यांच्या फाटकाशी, कोणी चहाच्या बंबापाशी. क्लॅरी पॅस्कोकडे मागची गाडी होती. म्हणजे सगळ्यात शेवटच्या सायकलवाल्याच्या मागून, टपावर पिवळा दिवा लावून, आपली पिकअप रमतगमत हाकत यायचं आणि ज्याचे पाय गळाले त्याला सायकलीसकट उचलून आणायचं.

क्लॅरी या कामाची तयारी अशी करी, की जणू जावई यायचा आहे. शेजारच्या सीटवर धुतलेली चादर, थर्मासात चहा, आणि बायकोनं, म्हणजे थेल्मानं, फडक्यात गुंडाळून दिलेली मटण-बटाटा भरलेली, मोठ्या करंजीसारखी गरमागरम पास्टी. पण इतक्या वर्षांत त्या चादरीला एक सुरकुती पडली असेल तर शपथ! कोणी बसतच नसे. पास्टी शेवटी क्लॅरीच्याच पोटात जाई, आणि त्याच्या सदऱ्याची बटणं ताणली जात.

आता त्याला गप्पांचं वेड भारी. शेवटच्या गड्याच्या बाजूला गाडी आणायची, काच खाली करायची, कोपर बाहेर काढायचं, की सुरू.

"तुला आमच्या बापाच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली का रे? डिंगर नाव त्याचं. एकदा हा पठ्ठ्या गव्हाच्या ट्रकात झोपला तो थेट अ‍ॅडलेडला जाऊन उठला! महिन्याभरानं परत आला, तर गळ्यात चांदीची घुंगरं लावलेला पट्टा. आता तो पट्टा कोणाचा, हे कळायला तुला आधी ट्रकवाल्या आर्थरची सासू माहीत पाहिजे…"

गोष्ट सासूपाशी आली की पुढचा माणूस पेडलवर उभा राही आणि अंगात आल्यासारखा सुसाट सुटे. क्लॅरीला वाटे, आपल्या बोलण्यानं यांना हुरूप येतो. तरी मनात एक खंत होतीच. एकदा तरी कोणी शेजारी बसावं, पास्टी खावी आणि पट्ट्यापर्यंत ऐकावं. घरी तर सोयच नव्हती. 'डिंगर' म्हटलं की थेल्मा नळ सोडायची.

एका रविवारी शर्यतीनंतर हॉलमध्ये चहा चालला होता. क्लबच्या सेक्रेटरीनं, रॉबिननं, ट्रेव्हरला म्हटलं, "आज चढणीवर तुझं तोंड बिटासारखं झालं होतं. बसायचं की गाडीत!"

ट्रेव्हर हॉस्किन म्हणजे गावातला औषधवाला, आणि शर्यतीत नेहमी शेवटून पहिला.

"क्लॅरीच्या? रॉबिन, मी रस्त्यावरून सरपटत येईन, पण त्या कुत्र्याच्या तावडीत सापडणार नाही. बंद खोकं, आणि खिडकीची कळसुद्धा त्याच्याच हातात!"

सगळा हॉल हसला. क्लॅरी रिकाम्या बशा घेऊन दारात उभा होता. त्यानं बशा तिथेच टेबलावर ठेवल्या आणि टोपी घातली.

घरी येऊन म्हणाला, "थेल्मा, मी फार बोलतो का गं?"

थेल्मानं चष्म्यावरून पाहिलं. "फार नाही. सतत."

वसंतातली मोठी शर्यत आली, ती उत्तरेच्या वाळवंटातलं भट्टीसारखं वारं घेऊनच. क्लॅरीनं काच वर केली आणि तोंडाला कुलूप लावलं. गाडी नुसती घरघरत मागून चालली. तासाभरात बेकरीवाला डीटर थांबला, गाडीजवळ आला, आत डोकावला. आत शांतता. तो बसला. मग मागच्या सीटवर पोस्टातली ग्वेन बसली. मागोमाग शाळेतले दोन मास्तर. गाडी भरली, चादर चुरगळली, पास्टी डीटरनं दोन घासांत संपवली.

"तब्येत बरी आहे ना तुझी?" ग्वेननं विचारलं.

"उत्तम."

एवढंच. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळं त्या दिवशी झालं होतं, आणि क्लॅरीला ते दात उपटल्यासारखं वाटत होतं.

पुढे सात मैलांची चढण लागली. ट्रेव्हरची सायकल आता नागमोडी चालली होती. अखेर तो पाय टेकून उभा राहिला आणि त्यानं काच वाजवली.

क्लॅरीनं बोटभर काच उघडली. "जागा नाही."

"मग मी काय करू?"

"चढ."

"मेलो मी इथं! काहीतरी बोल तरी!"

"काय बोलू?"

"काहीही! ते… तुझं ते कुत्रं!"

"तुला आवडत नाही असं कानावर आलं."

ट्रेव्हर आधीच इतका लाल होता की आणखी लाल व्हायला जागा नव्हती. "नाहीच आवडत! म्हणून तर पाय चालतात, म्हाताऱ्या! तुझ्या जिवावर पोचतो रे मी दर वेळी!"

मग काच सरसर खाली आली आणि कोपर बाहेर आलं. "डिंगर नाव त्याचं…"

ट्रेव्हर पेडलवर चढला. तो निघाला खरा, पण गाडीत हाहाकार माजला.

"थांबव! मी उतरतो!" डीटर ओरडला.

"बाद झालास ना तू शर्यतीतून?"

"बाद तर बाद! वारं परवडलं!"

चौघंही उतरले, सायकली ओढून घेतल्या आणि ट्रेव्हरला मागे टाकून माथ्यापलीकडे पसार झाले. ट्रेव्हर आपला इंचाइंचानं वर चढत होता, शेजारी गाडी, आणि चढण एवढी लांब की गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा सासूच्या पुढे गेली. सासू अ‍ॅडलेडच्या बिशपांकडे स्वयंपाकाला होती, आणि ट्रक तिच्याच दारात उभा होता…

माथा आला. खाली गाव, गव्हाची कोठारं, समुद्र, आणि शेवटच्या रेषेवर झेंडा धरून उभी असलेली मुंगीएवढी रॉबिन. इथून पुढे नुसता उतार. ट्रेव्हरनं ब्रेक दाबले.

"थांबलास का? पोचलास की!"

"पट्टा बिशपांचा होता का?"

"शर्यत चालू आहे, वेड्या."

"खड्ड्यात गेली शर्यत. कोणाचा होता ते सांग."

क्लॅरीनं उतरून सायकल मागे चढवली, चादर झटकून सरळ केली आणि थर्मासाचं झाकण भरून चहा दिला. ट्रेव्हर आत बसला. त्यानं दार ओढून घेतलं.

"हं. पट्टा," क्लॅरी म्हणाला आणि त्यानं हलकेच काच वर केली. "पण त्याआधी तुला सासूचा धाकटा भाऊ माहीत पाहिजे."

खाली रॉबिन हात कपाळावर धरून बघत होती. सगळे आले होते. माथ्यावर पिवळा दिवा तेवढा गरागरा फिरत होता, आणि गाडी काही हलत नव्हती.