आतून न उघडणारं दार

ग्रीसचा वास आला की मला अजून लातूरचं ते भंगाराचं दुकान दिसतं. भूकंपानंतरचे दिवस, जमीन मधूनच हलायची. भंगारवाल्या चाचांनी आमच्या फियाटला जुनं दार बसवलं. म्हणाले, "भाभी, आतून उघडत न्हाई हां, खटका बसवायचा हाय."

मला मात्र नव्या साडीत आत बसून मिरवायचं होतं. बसले, दार ओढून घेतलं. तेवढ्यात चाचांची कपबशी आपोआप किणकिणली. शेजारी एकावर एक रचलेले गाड्यांचे सांगाडे करकरायला लागले. सगळे रस्त्याकडे पळाले. मी आतून काच बडवत राहिले. चाचा एकटेच उलटे, माझ्याकडे पळत आले आणि त्यांनी मला बाहेर ओढलं.

आणि मी महामाया काय म्हणाले? "चाचा, साडीला ग्रीस लागलं की."