पापडाच्या पुडीतला अर्धा पत्ता

पुडीचा कागद मी कधीच न वाचता चुलीत घातला नाही. लग्न होऊन अंबरनाथला आले, तेव्हा घरात छापील असं पंचांग आणि वन्संची शाळेची पुस्तकं, एवढंच होतं. हे काडेपेटीच्या कारखान्यात. कामं आवरली की मी गोष्टी लिहीत बसे. लिहून झालेली गोष्ट ट्रंकेत साड्यांखाली जाई. ती छापायला कुठं पाठवायची असते, हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. वाचणाऱ्या फक्त वन्सं. वयानं माझ्याहून लहान, पण मत ठाम.

एकदा जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातून आणलेल्या पापडांची पुडी सोडली आणि मी ओरडलेच, "वन्सं, आधी इकडे या!"

कागदावर ठळक अक्षरांत 'लेखकांस सूचना' असं छापलं होतं. मजकूर कागदाच्या एकाच बाजूस लिहावा. अक्षर सुवाच्य असावे. नापसंत साहित्य परत हवे असल्यास तिकिटे जोडावीत. साहित्य पाठविण्याचा पत्ता... आणि नेमका तिथंच कागद फाटलेला!

"उरलेला तुकडा दुकानातच असणार," वन्सं म्हणाल्या. "चला."

सासूबाईंना सांगून आम्ही दोघी तडक निघालो. पापडवाल्या अम्मा फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या. बराकीच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. माझ्या हातातला कागद बघून त्या घाबरल्या.

"क्यों बेटी, पापड खराब निकला?"

"पापड चांगला है, अम्मा. इसका बाकीका कागद मंगता है."

माझं हिंदी तेवढंच. वन्संनी खाणाखुणा करून उरलेलं समजावलं. अम्मा हसत सुटल्या. आतून त्यांनी रद्दीचं पोतं ओढत आणलं आणि खाटेवर पालथं केलं.

तो तुकडा काही सापडला नाही. कुणाच्या तरी लोणच्याला गुंडाळून गेला असणार. पण पोत्यातून मराठी मासिकांचे अख्खे अंक निघाले! एक पुण्याचं, बाकीची मुंबईची. कुणाचा पत्ता अनुक्रमणिकेखाली, कुणाचा शेवटच्या पानावर. एक मासिक नवोदितांच्या कथा मागत होतं, दुसऱ्यात कवितांना वेगळं पान होतं. "वहिनी, हे बघा! हे बघा!" वन्सं प्रत्येक अंकाला ओरडत होत्या. एवढी दारं होती आणि मला एकही ठाऊक नव्हतं.

"इसमें तेरा नाम आएगा?" अम्मांनी विचारलं.

"आएगा तो आएगा."

"तो पत्तेवाला पन्ना फाड ले. बाकी रहने दे, मुझे पुडी बांधनी है."

घरी येऊन मी एक गोष्ट सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. विहिरीवर भांडण झालेल्या दोन जावांची ती गोष्ट. पहिल्या मासिकाकडून ती साभार परत आली. पोस्टमनच्या हातात जाड पाकीट दिसलं, तेव्हाच मी समजले. दुसरीकडूनही पाकीट जाडच आलं, पण त्यात संपादकांच्या अक्षरात एक ओळ होती : 'भाषा चांगली आहे. शेवटची दोन पाने नकोत.'

मी हिरमुसले. वन्सं मात्र उड्या मारायला लागल्या. "दोनच पानं नकोत म्हणजे बाकीची हवीत की!"

मी ती ओळ पुन्हा वाचली, आणि मलाही तसंच दिसायला लागलं. त्या पानांत मी जावांना गळ्यात गळे घालून रडवलं होतं. ती काढली आणि गोष्ट त्याच संपादकांकडे परत पाठवली.

नंतर एका सकाळी पोस्टमन आमच्या दाराशी पोचायच्या आधीच रस्त्यावरून ओरडला, "बाई, छापतायत! तुमची गोष्ट छापतायत!" कार्ड त्यानं वाटेतच वाचलं होतं. मी हातातली कणीक तशीच टाकून बाहेर धावले. कार्डावर माझी कणकेची बोटं उमटली.

अंक आला त्या संध्याकाळी हे पाळीवरून परतले. हातपाय धुऊन ओट्यावर बसले आणि माझी गोष्ट पहिल्या शब्दापासून वाचू लागले. वन्सं आणि मी दाराआड उभ्या. वाचून होताच त्यांनी हाक मारली, "अगं, या दोघी जावा पुढं बोलल्या की नाही एकमेकींशी?"

"ते नाही लिहिलं," मी म्हटलं.

"छान केलंस. आता पुढची कुठं पाठवतेस?"

"पुण्याला!" वन्संनी माझ्याआधी उत्तर दिलं.