वेशीवरचा शरभ आणि त्याचा मुकुट

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी नवी कमान बांधायचं ठरलं, तेव्हा तिच्यावर काय लावावं यावरून वाद झाला. कुणी कमळ म्हणालं, कुणी दोन हंस. मी बीडच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. म्हणजे न विचारता बोलण्याचा पगार घेतो. मी उठलो आणि जुन्या वेशीवरच्या शरभावर अर्धा तास बोललो. शरभ म्हणजे सिंहासारखा कल्पित प्राणी. वेशीच्या दगडात तो पंजाखाली हत्ती दाबून उभा आहे. शत्रूचे हत्तीसुद्धा आम्ही असे दाबतो, हे येणाऱ्याला आधीच कळावं म्हणून राजे तो दारावर कोरत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषण संपलं म्हणूनही असेल.

चित्र काढून आणायचं काम माझ्याकडेच आलं. रविवारी बायकोला घेऊन वेशीत गेलो आणि वही उघडून भर रस्त्यात उभा राहिलो. मागं रिक्षांची रांग लागली.

"ओ सर, मधीच कावून उभे राहिले? सरका की!"

"शरभ बघतोय," मी म्हणालो.

"त्यो कुठं पळून चाललाय का? आमाला जाऊ द्या!"

बायकोनं मला हाताला धरून कडेला ओढलं. तिथून वर बघितलं आणि मी हरखलोच. शरभाच्या डोक्यावर चक्क मुकुट होता! आजवर कुणाच्या लक्षात कसा आला नाही?

"अहो, चिखल वाटतोय तो," बायको म्हणाली.

"तुला मूर्तिशास्त्र कळत नाही," मी म्हणालो. मलाही कळत नव्हतं, पण ते मला माहीत नव्हतं.

माजलगावहून सिमेंटच्या मूर्ती करणारा कारागीर आणला. त्यानं माझ्या चित्राबरहुकूम मुकुटासकट शरभ केला. उद्घाटनाला मी मुकुटावर वेगळं बोललो.

पुढच्याच महिन्यात नगरपालिकेनं पाण्याचा फवारा मारून वेस धुतली. दगड काळाभोर, देखणा निघाला. मुकुट मात्र वाहून गेला. ते कुंभारमाशीचं घर होतं. बायको स्वयंपाकघरात जाऊन हसली. मला सगळं ऐकू आलं.

मी कॉलनीची बैठक बोलावली आणि स्वतःच सांगितलं, मुकुट काढून टाकू. एका निवृत्त तलाठ्यांनी लगेच छिन्नी-हातोडा आणला. मी शिडीवर चढलो. दुसऱ्याच घावाला मुकुट निघाला, आणि त्याच्याबरोबर डावा कानही.

परवा कुरियरवाल्याचा फोन आला. "सर, कानतुट्या मांजराची कॉलनी म्हणतेत ती तुमचीच का?"

ते मांजर नव्हे, शरभ आहे, त्याला फार मोठी परंपरा आहे, असं सगळं अगदी ओठांवर आलं होतं.

"हो," मी म्हणालो. "तिसरं घर, निळं फाटक."